कमाईवरील कर कीं खरेदीवरील कर ?



अमेरिकेंत आयकर अजीबात बंद करून त्याच्या जागीं साऱ्या देशांत एकच विक्रीकर बसवावा, असें कांहीं पुढारी म्हणत आले आहेत. १९९९ सालीं लिंडर नांवाच्या प्रतिनिधीनें तसें बिल कायदेमंडळांत आणलें. पुढें तें पुन्हां पुन्हां आलें, २०२३ सालींही आलें. पण मंजूर झालें नाहीं. परमुलखांतील ही गोष्ट आम्ही आपणांपुढें ठेवितों, कारण कराचें ओझें कोणाच्या पाठीवर पडतें, हा प्रश्न सर्व मुलखांतील कष्टकऱ्यांचा आहे.

बिलाची बाजू आधीं ऐका. दरसाल हिशेबाचे कागद भरण्याची कटकट जाईल. कमाई लपविणाऱ्यालाही माल घेतांना कर द्यावा लागेल. धंद्यासाठीं घेतलेल्या मालावर कर नाहीं. यांत तथ्य आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं.

आतां दर पहा. पुरस्कर्ते तो शेंकडा २३ सांगतात. पण ७७ च्या मालावर २३ चढवून शंभर होतात, असा तो हिशेब आहे. आपला वाणी मांडतो तशा रीतीनें मांडला, तर दर शेंकडा ३० च्या घरांत जातो.

समजा, एका घराची कमाई १०,००० आणि ती सगळी पोटापाण्यांत जाते. त्याचा कर २,३००. दुसऱ्याची कमाई १,००,०००. तो २०,००० खर्चितो, बाकीचे शिल्लक टाकितो. त्याचा कर ४,६००, म्हणजे कमाईच्या शेंकडा पांचसुद्धां नाहीं ! शिवाय त्याच बिलानें मोठ्या वारशावरील करही उठतो.

यावर ते म्हणतात, दरमहा प्रत्येक कुटुंबास ठराविक रक्कम परत देऊं. त्यानें अगदीं गरिबाचा भार उतरेल, हें खरें. पण वरच्याचा भार कमी, तळच्याचाही कमी, आणि तिजोरींत भरणा तितकाच हवा. मग तो भरणार कोण? मधलीं राबणारीं घरें. २००५ सालीं राष्ट्राध्यक्ष बुश यांनीं नेमलेल्या समितीनें अशा कराचा विचार केला, पण त्याची शिफारस केली नाहीं.

आपल्याकडे मिठावरील कर १९४७ सालीं उठला. मीठ लखपतीला व मजुराला सारखेंच लागतें, म्हणूनच तो कर गरिबाला बोचत असे. १ जुलै २०१७ पासून येथें जीएसटी आहे आणि आयकरही आहे. शेतीच्या उत्पन्नावर मात्र केंद्राचा आयकर नाहीं. उद्यां कोणी ‘आयकर काढा, विक्रीकर वाढवा’ म्हणत आला, तर निव्वळ शेतीवर जगणाऱ्याला सूट एका पैशाचीही मिळणार नाहीं. कापड, साबण, चप्पल मात्र महाग होतील.

म्हणून बंधूंनो, कराच्या गोड नांवाला भुलूं नका. कोणाचा उतरला आणि कोणावर चढला, एवढें विचारा. आणि मुलांबरोबर मुलींनाही शेंकड्याचा हिशेब शिकवा. ज्याच्या घरीं हिशेब येतो, त्याला फसविणें कठीण.