झुंजीचा रसिक



लोणारचें नांव निघालें कीं सरोवराची गोष्ट निघते. आकाशांतून उल्का कोसळली आणि काळ्या पाषाणांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर पडलें, हें शास्त्रज्ञांचें म्हणणें. लोणारची स्वतःची कथा निराळी आहे. ह्या विवराच्या तळाशीं लवणासुर नांवाचा दैत्य बीळ करून राहत होता. भगवान् विष्णु सुंदर तरुणाच्या रूपानें आले, दैत्याच्या बहिणींकडून त्यांनीं बिळाचा ठाव काढून घेतला, पायाच्या अंगठ्यानें बिळावरचें झांकण उडविलें आणि दैत्याला द्वंद्वयुद्धांत ठार केलें. सरोवराचें खारें पाणी हें त्या दैत्याचें रक्त, असें कथा सांगते. गांवांतलें दैत्यसूदनाचें मंदिर ह्याच झुंजीचें स्मारक आहे. आंतली मूर्ति पराभूत दैत्याच्या देहावर उभी आहे. लोणारांत मारुतीचेंहि एक प्रसिद्ध देऊळ आहे. तालमींतला मारुती सहसा उभा असतो, लोणारचा मारुती आडवा, निजलेला आहे. एवढी झुंज शेजारीं झाली तरी ह्याची झोंप मोडली नाहीं, अशी थट्टा कोणीं केली तर देव रागावणार नाहीं.

पुराणांतल्या झुंजीला लोक हात जोडतात. तीच झुंज दोन जिवंत माणसांत लागली, हातांत मोजे चढले, भोंवतीं जाळी उभी राहिली आणि तिकिटें विकलीं गेलीं, म्हणजे सुशिक्षित घरांतून प्रश्न येतो, ह्यांत पाहण्यासारखें काय आहे? कॉलेजांत जाणारा मुलगा रात्रीं उशिरांपर्यंत मोबाईलच्या पडद्यावर किकबॉक्सिंगचे नाहीं तर मिश्र युद्धकलेचे सामने पाहत बसतो, आई दारांत येऊन "कसले रे हे राक्षस!" म्हणते, आणि मुलाला धड उत्तर देतां येत नाहीं. त्या मुलाच्या वतीनें चार शब्द बोलणें हा ह्या भाषणाचा हेतु. वकीलपत्र घेतलें तरी अशिलाचे दोष झांकावयाचे नाहींत, एवढी अट मात्र आहे.

झुंज पाहण्याचा नाद आजचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्यानें १२ व्या शतकांत 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें आपलें मन कशानें रमवावें हें सांगतांना त्यानें मल्लविनोदाचें प्रकरण घातलें आहे. मल्लांचा आहार कसा असावा, त्यांनीं व्यायाम कोणता करावा, राजापुढें त्यांच्या झुंजी कशा व्हाव्या, हें सारें त्यांत आहे. मल्लाच्या ताटांतल्या अन्नाची चौकशी करणारा प्रेक्षक हा नुसता बघ्या नव्हे. रसिक आणि बघ्या ह्यांतला भेद येथूनच सुरू होतो.

पुढें कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधविलें, तें ह्याच रसिकांसाठीं. मधोमध हौद, भोंवतीं चढत जाणारी बैठक, आणि अगदीं मागें बसलेल्या माणसालाहि मल्लाचे पाय दिसावे अशी रचना. पाय दिसावे हें महत्त्वाचें. नवखा प्रेक्षक मल्लाचें तोंड पाहतो, दर्दी माणूस पाय पाहतो. धोबीपछाडीचा डाव कोणालाहि कळतो. परंतु तो बसण्यापूर्वीं एका पावलांत अर्ध्या वितीचा फरक पडलेला असतो, तो ज्याला दिसला त्यालाच कुस्ती दिसली. असा माणूस "आतां गेला!" म्हणून शेजाऱ्याला आधींच सांगतो, आणि मल्ल गेलेला असतो. नूरा कुस्तीहि तोच प्रथम ओळखतो व हातांतली शेंगांची पुडी आवरून चालूं लागतो.

किकबॉक्सिंगच्या रसिकाची दृष्टि अशीच पायांवर खिळलेली असते. बघ्या ठोशाची वाट पाहतो. रसिक पहिल्या फेरींत दुसरेंच कांहीं मोजीत असतो. एक योद्धा आपल्या नडगीचें हाड दुसऱ्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूवर मारतो. आवाज होतो, पण कोणी पडत नाहीं. पुन्हां तेथेंच मारतो. ज्याला ती लाथ ओळखतां येते तो गुडघा वर उचलून ती स्वतःच्या नडगीवर झेलतो. ज्याला उशीर होतो त्याच्या मांडीचे स्नायु हळूहळू बधिर होत जातात. तिसऱ्या फेरींत तो पुढच्या पायावर भार द्यावयास कचरूं लागला, कीं त्याचा ठोसाहि पोकळ होतो, कारण ठोशाचें बळ पायांतूनच येतें. मग एक साधी लाथ बसते आणि धडधाकट माणूस खुर्ची काढून घेतल्यासारखा खालीं येतो. बघ्याला वाटतें, एका लाथेनें पडला. रसिकाला पहिल्या सर्व लाथा आठवत असतात.

ह्या विद्येंत हॉलंडचा अर्नेस्टो होस्ट फार नांवाजला. १९९३ सालीं कराटेचे शिक्षक काझुयोशी इशी ह्यांनीं टोकियोंत 'के-वन' नांवाची स्पर्धा सुरू केली. आठ योद्धे आणि एक रात्र. ज्याला विजेता व्हावयाचें त्यानें त्याच रात्रीं तीन लढती जिंकावयाच्या. पहिल्या वर्षीं क्रोएशियाचा ब्रँको सिकाटिच विजयी झाला आणि होस्ट अंतिम लढतींत पडला. तोच होस्ट पुढें १९९७, १९९९, २००० व २००२ ह्या चार वर्षीं विजेता झाला. त्यांतला चौथा विजय मोठा चमत्कारिक आहे. दीडशे किलोंहून अधिक वजनाचा अमेरिकन योद्धा बॉब सॅप ह्यानें २००२ सालीं होस्टला त्या रात्रींच्या पहिल्याच लढतींत पाडलें होतें. परंतु तें करतांना सॅपचा स्वतःचा हात मोडला. नियमाप्रमाणें होस्ट त्याच्या जागीं पुढें गेला आणि विजेता ठरला. सॅपकडे शरीर होतें, होस्टकडे विद्या होती, आणि त्या रात्रीं शरीरानें विद्येला खरोखरीच पाडलें होतें, हें होस्टच्या चाहत्यांनींहि नाकारूं नये. पुढें मार्च २०१२ मध्यें हाच सॅप मुंबईस आला. अंधेरींत 'सुपर फाइट लीग'ची पहिली लढत-रात्र झाली, तींत तो लढला व हरला. व्यावसायिक मिश्र युद्धकलेची अशी थाटाची सुरुवात मुंबईनें पाहिली ती एका थकलेल्या पहाडाच्या दर्शनानें, हें फारसें शोभलें नाहीं.

ही मिश्र युद्धकला म्हणजे ठोसा, लाथ, कुस्ती आणि सांध्यांना पीळ घालण्याची जपानी विद्या ह्यांचें एकत्रीकरण. नोव्हेंबर १९९३ मध्यें अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं जाळीच्या अष्टकोनांत तिची पहिली प्रसिद्ध स्पर्धा झाली व ब्राझीलचा सडपातळ बांध्याचा रॉइस ग्रेसी ती जिंकून गेला. त्या काळीं नियम थोडे आणि वजनाचे गट मुळींच नव्हते. पुढें मोजे, गट, पांच पांच मिनिटांच्या फेऱ्या आणि निषिद्ध प्रहारांची लांबलचक यादी आली. येथें घरांतल्या वडील मंडळींची दुसरी तक्रार असते, "हे दोघे जमिनीवर निजून काय करतात?"

तक्रार अगदींच निराधार नाहीं. १९१० सालीं लंडनमध्यें गामा पहिलवानापुढें पोलंडचा झ्बिस्को उभा राहिला, आणि थोड्याच वेळांत गादीवर पालथा पडून राहिला, तो अडीच तास तसाच. कुस्ती बरोबरींत सुटली. पुढच्या शनिवारीं निकाल लावावयाचा होता तर झ्बिस्को फिरकलाच नाहीं. १९२८ सालीं पतियाळा येथें गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत अस्मान दाखविलें, तेव्हां अठरा वर्षांचा हिशेब चुकता झाला. तें निजणें बचावाचें होतें. मिश्र युद्धकलेंत मात्र खालीं पडलेला मल्ल हरलेला नसतो. पाठ जमिनीला टेंकली असतां तो वरच्याचा हात दोन पायांत पकडतो, नाहीं तर त्याच्या मानेभोंवतीं हाताचा विळखा घालतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या कीं दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. कुस्तीच्या तालमींतून आलेल्या मल्लाला हा धोका विशेष, कारण पट काढावयास तो डोकें खालीं घालून शिरतो. मातींत ह्या शिरण्याला शाबासकी मिळते; जाळींत तीच मान शत्रूच्या काखेंत आयती जाते.

महाराष्ट्राचा भरत खंडारे हा कुस्तींतूनच ह्या खेळांत आला. अमेरिकेच्या 'यूएफसी' ह्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या जाळींत उतरणारा तो भारतांतला पहिला योद्धा. २५ नोव्हेंबर २०१७ रोजीं शांघाय येथें चीनच्या सोंग यादोंगशीं त्याची गांठ पडली आणि पहिल्याच फेरींत गिलोटिन नांवाच्या मानेच्या विळख्यांत सांपडून त्याला हार मानावी लागली. सोंग तेव्हां विशींतहि पोंचला नव्हता. पुढें तो आपल्या वजनगटांतील अग्रगण्य योद्ध्यांत गणला गेला. त्या जाळींत भारतीय स्त्रीचा पहिला विजय व्हावयास ८ जून २०२४ उजाडावा लागला, आणि तो मिळविला उत्तर प्रदेशच्या पूजा तोमर हिनें. ज्या वाटेनें ती जिंकून आली तिच्यावरचें पहिलें पाऊल एका मराठी मल्लाचें होतें, आणि तें हरलेलें होतें. ह्या धंद्यांत लढण्याबद्दल एक रक्कम व जिंकल्यास तेवढीच आणखी, असा करार सर्रास असतो. म्हणजे हरणारा मार पुरा खातो आणि मोबदला अर्धा घेऊन जातो. विजेत्याचा जयजयकार करावयास रसिकता लागत नाहीं. हरलेल्याचें नांव दहा वर्षांनीं कोणाच्या तोंडीं आहे, हें पाहिलें म्हणजे त्या खेळाचे रसिक किती व बघे किती तें समजतें.

हार मानण्याची रीतहि ह्या खेळांत निराळी आहे. कुस्तींत मल्ल चीतपट झाला कीं निकाल माती देते. हरणाऱ्यानें तोंड उघडावें लागत नाहीं. मिश्र युद्धकलेंत पीळ असह्य झाला कीं मल्लानें स्वतः प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हात थोपटावयाचा. हजारों लोकांसमोर आपल्याच हातानें आपला पराभव लिहून देणें, तोहि शुद्धीवर असतांना, हें ठोसा खाण्याहून कठीण असावें. १९५१ सालीं रिओ द जानेरो येथें रॉइसचे वडील एलिओ ग्रेसी ह्यांना जपानच्या मासाहिको किमुरानें असाच हात पिळून धरलें. एलिओनीं हात थोपटला नाहीं. किमुराच्या आठवणीप्रमाणें हाड मोडलें, तरीहि थोपटला नाहीं. शेवटीं त्यांच्या बाजूच्या लोकांनीं टॉवेल फेंकून लढत थांबविली. एलिओच्या ह्या हट्टाला वीरश्री म्हणणारे पुष्कळ आहेत. त्याहून मोठी गोष्ट त्यानंतरची आहे. ज्या डावानें एलिओचा हात मोडला त्याला ग्रेसींच्या आखाड्यांत 'किमुरा' हेंच नांव पडलें आणि आज जगभर तेंच चालतें. हरलेल्या घराण्यानें जिंकणाऱ्याचें नांव आपल्या विद्येंत कायमचें घातलें. दारांत उभ्या असलेल्या आईला ही एक गोष्ट मुलानें सांगावी.

आतां अशिलाचा दोष. कुस्तींत इजा होते, कान चुरगळतात, गुडघे निखळतात. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आघात करणें हा कुस्तीचा हेतु नाहीं. किकबॉक्सिंगमध्यें व मिश्र युद्धकलेंत तो आहे. ज्या ठोशानें मल्ल बेशुद्ध होतो आणि ज्यावर सारें सभागृह उभें राहतें, तो वैद्यांच्या भाषेंत मेंदूला बसलेला हादरा होय. १९२८ सालींच हॅरिसन मार्टलंड ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल व मंदावलेली बुद्धि ह्यांवर निबंध लिहून ठेवला आहे, तेव्हां कोणाला माहीत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. त्रिनिदादांत जन्मलेला कॅनडाचा गॅरी गुडरिज दोन्ही खेळांत लढला. मोठ्या मल्लाची कसोटी पाहावयाची तर त्याच्यापुढें गुडरिजला उभें करावें, अशी रीतच पडली होती. हंसतमुख माणूस, लढतीला नाहीं म्हणत नसे, म्हणून प्रेक्षकांचा आवडता. त्याला डोक्यावरील आघातांमुळें स्मृतिभ्रंश जडल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या गुणाकरितां लोक त्याच्यावर प्रेम करीत, तोच गुण त्याच्या स्मृतीवर उठला. लोक टाळ्या वाजवीत आणि तो पुन्हां उभा राहत असे.

ह्यावर "खेळ बंद करा" हें एक उत्तर आहे, आणि तें देणाऱ्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला नाहीं. परंतु जो पाहणें सोडीत नाहीं त्या रसिकाकडे निदान एक अपेक्षा करतां येते. पंच लवकर मध्यें पडला तर त्यानें हुल्लड करूं नये. मल्ल अजून उभा होता, हात चालवीत होता, मग लढत कां थांबविली, असा ओरडा ज्या सभागृहांत होतो तेथें पुढच्या वेळीं पंच क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणांत आणखी दोन ठोसे बसतात. पंचाइतकीच जबाबदारी मल्लाच्या वस्तादाची. १ ऑक्टोबर १९७५ रोजीं मनिला परिसरांत मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर ह्यांची मुष्टियुद्धाची तिसरी गांठ पडली. दमट उकाडा, दोघेहि अर्धमेले. १४ फेऱ्या झाल्या. फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते. तरी तो स्टुलावरून उठावयास तयार होता, आणि ३ मिनिटांचीच एक फेरी उरली होती. त्याचे वस्ताद एडी फच ह्यांनीं त्याला खालीं बसविलें व लढत सोडून दिली. फ्रेझियरनें विरोध केला, पण वस्तादांनीं तो ऐकला नाहीं. १५ वी फेरी पाहावयास बसलेल्या प्रेक्षकांना ती मिळाली नाहीं; फ्रेझियर आपल्या पायांनीं घरीं गेला.