दोर सांभाळणारे हात
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी कडे चढायला का जावे, असा प्रश्न काही हितचिंतकांनी आम्हांस विचारला. प्रश्न रास्त आहे. शस्त्रक्रिया विभागातील डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि मामा-मावशी यांना आम्ही या वर्षी एका दिवसाच्या प्रस्तरारोहण शिबिरास पाठविले. त्याचा खर्च रुग्णसाहाय्य निधीतून केलेला नाही, हे आरंभीच नमूद करतो.

प्रस्तरारोहणात एक जण चढतो व दुसरा खालून त्याचा दोर सांभाळतो. चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची तपासणी करावयाची असते. हार्नेसचे पट्टे आवळले आहेत काय, गाठ पुरी झाली आहे काय, कडी बंद आहे काय, हे डोळ्यांनी पाहावयाचे आणि हातांनी चाचपावयाचे. मग चढणारा मोठ्याने विचारतो, खालचा मोठ्याने उत्तर देतो. ते उत्तर ऐकल्याखेरीज पाऊल उचलावयाचे नाही.

आमच्या एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांचा दोर त्या दिवशी विभागातील एका मावशींच्या हाती आला. प्रशिक्षक अर्थातच शेजारी होते. तपासणी करताना मावशी म्हणाल्या, "साहेब, थांबा. तुमची गाठ अर्धीच झालीय." गाठ खरोखरच अर्धी होती. साहेबांनी ती सोडून पुन्हा बांधली, मावशींना दाखविली आणि मगच ते चढले. एरवी "होय साहेब" यापलीकडे मावशींचा शब्द विभागात क्वचितच ऐकू येई.

याचा रुग्णाशी संबंध काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी-सूची प्रसिद्ध केली. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हा तीतील एक मुद्दा. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर झाल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2014 मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील 101 रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. आमच्या मते, कागदावर खुणा करणे सोपे असते. "थांबा" म्हणणारा माणूस आणि ते ऐकून घेणारा माणूस घडविणे कठीण. मावशींनी कड्यापाशी केले ते नेमके हेच.

केवळ धाडसाने विश्वास निर्माण होतो, असे मात्र आम्ही मानत नाही. दहीहंडीच्या दिवशी जखमी गोविंदांना घेऊन येणारे सोबती आपण पाहतो. ज्या पथकांचा सराव आठवडेच्या आठवडे चालतो, थर लावण्याइतकेच ते उतरविणेही जी पथके घोटून घेतात, त्यांची गोष्ट निराळी. राज्य शासनाने 2022 मध्ये दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा दिला. पण दर्जा मिळाला म्हणून पायाचा थर आपोआप भक्कम होत नाही. म्हणूनच आमच्या शिबिरात कोण किती उंच चढला याची नोंद ठेवली नाही, बक्षिसे ठेवली नाहीत आणि ज्यांना चढावयाचे नव्हते त्यांना आग्रह केला नाही. त्यांनी दोर सांभाळले. हे काम कमी महत्त्वाचे, असे निदान आमचे शल्यचिकित्सक तरी आता म्हणणार नाहीत!

रात्रपाळीचे कर्मचारी या वेळी जाऊ शकले नाहीत, कारण कक्ष रिकामे ठेवणे शक्य नव्हते. पावसाळा संपल्यावर त्यांना दोन तुकड्यांत पाठवावयाचे ठरले आहे. त्या दिवसांत बदली काम करण्यास दिवसपाळीच्या परिचारिकांनी आपण होऊन नावे दिली आहेत.