जामीन कोणाचा आणि तुरुंग कोणाचा?



गंभीर गुन्ह्यातील आरोपी जामिनावर सुटला की समाजमन प्रक्षुब्ध होते. 20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्थानकात लोकल गाड्या रोखून धरणाऱ्या लोकांचा संताप न्याय्यच होता. परंतु त्याची परिणती काय झाली? 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मरण पावला. त्याच्यावरील खटला चाललाच नाही. त्या दोन बालिकांना न्यायासनाचा निकाल मिळाला नाही. रेलरोकोत पकडल्या गेलेल्यांना मात्र जामिनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या कच्च्या कैद्यांना जवळचा तुरुंग म्हणजे कल्याणचे आधारवाडी कारागृह. तेथील गर्दी मान्य क्षमतेच्या कितीतरी पट असते. देशभरात 2022 अखेर 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 जणांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा होता. म्हणजे तुरुंग भरले आहेत ते शिक्षेने नव्हे, विलंबाने आणि दारिद्र्याने.

1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागण्यात आला. भाऊ परजिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली गेली. न्या. कृष्ण अय्यर यांनी हा अन्याय दूर केला. परंतु आजही जामीनदाराकडे मालमत्तेचा कागद मागितला जातो. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात घरांच्या सनदांचाच प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. तेथल्या मजुराने कोणता कागद दाखवावा?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते की, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असल्यास त्यास बंधपत्रावर सोडावे. इतरांना निम्मा काळ. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही. तेथे उपाय एकच: खटला वेगाने चालवा. साक्षीदाराला धमकावणाऱ्या धनदांडग्याला जामीन नाकारावा, हे आम्हांसही मान्य आहे. पण आरोपाच्या नावावरूनच वर्षानुवर्षे कोंडून ठेवणे म्हणजे निकालापूर्वीची शिक्षाच होय. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंग भोगलेल्या आपल्या चळवळीने तरी हे विसरू नये.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील कच्च्या कैद्यांची यादी करावी, कलम 479 खाली कोण पात्र ठरतो ते तपासावे, विधी सेवा समितीकडे अर्ज न्यावेत आणि पीडितांच्या पाठीशीही तितक्याच निष्ठेने उभे राहावे. नव्या बराकी बांधण्याआधी नवी न्यायालये व रिक्त न्यायाधीशपदे भरण्याची मागणी करू या. पीडित आणि आरोपी, दोघांनाही वेळेवर निकाल मिळणे, हीच आपली न्यायाची कल्पना आहे.