दाब उतरवा, मगच गन ठेवा



आपल्यापैकी पुष्कळ मंडळी जालन्याच्या एमआयडीसीत कामाला जातात. कोणी सळईच्या कारखान्यात आहे, कोणी बियाण्याच्या, कोणी गॅरेजवर. कोणाच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे. या सगळ्या ठिकाणी एक अवजार हमखास सापडतं. ते म्हणजे ग्रीस गन. हे अवजार कसं वापरावं आणि कसं ठेवावं, एवढंच आज सांगायचं आहे.

वंगण आपल्याला नवं नाही. बैलगाडीचं चाक करकरू लागलं की गाडीवान आसाला वंगण घालीत असे. वंगण नसलं तर आस झिजतो, चाक जड होतं आणि बैलाचा जीव जातो. यंत्राचंही तसंच आहे. सळईच्या कारखान्यात भंगार वितळवतात, त्याच्या कांड्या ओततात, त्या तापवून रोलांमधून काढतात. तो रोल बेअरिंगवर फिरतो. बेअरिंग कोरडं पडलं की तापतं, आवाज करतं आणि एक दिवस अडकून बसतं. मग सगळी पाळी हात बांधून उभी राहते.

ग्रीस म्हणजे काय? तेल आणि एका जातीचा साबण यांचं घट्ट मिश्रण. साबण तेलाला धरून ठेवतो आणि जरूर लागेल तसं थोडं थोडं सोडतो. ते बेअरिंगच्या पोटात घालण्यासाठी बेअरिंगच्या घरावर एक छोटी घुंडी बसवलेली असते. तिला निपल म्हणतात. ग्रीस आत जातं, पण बाहेर येत नाही, अशी त्यात गोळी आणि स्प्रिंग असते. आज जगभर चालणाऱ्या या निपलाचं पेटंट ऑस्कर झर्क या माणसाला १९२९ साली अमेरिकेत मिळालं.

आता गनच्या आत पाहू. नळीत ग्रीस भरलेलं असतं. त्याच्या मागं एक तबकडी असते आणि तबकडीमागं जोरदार स्प्रिंग. ही स्प्रिंग ग्रीस पुढं ढकलते. पुढच्या टोकाला बारीक दट्ट्या असतो. हँडल दाबलं की तो दट्ट्या थोडं ग्रीस पकडून निपलात रेटतो. पहारीनं आपण मोठा धोंडा हलवतो ना, तीच युक्ती इथं आहे. हँडल लांब, दट्ट्या बारीक. त्यामुळं हाताचा थोडा जोर टोकाला फार मोठा होतो.

किती मोठा? ट्रकच्या टायरमध्ये साधारण १०० पौंडांच्या आसपास हवा भरतात. हाताच्या ग्रीस गनचा दाब ५ हजारांपासून १० हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे टायरच्या ५० ते १०० पट! म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. गनचं सगळं काम दाबावर चालतं. आणि गनपासून होणारी घाण, नासाडी आणि इजा, ही पुष्कळ वेळा दाबाकडं लक्ष न दिल्यानं होते.

गन गळते का?

शिरा परतताना उलथन्यानं दाबला की कडेनं तूप सुटतं. ग्रीसचं तसंच आहे. काम संपलं आणि गन तशीच टाकून दिली, तर स्प्रिंग रात्रंदिवस ग्रीसला दाबत राहते. त्यात जालन्याचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भट्टीच्या बाजूला तर विचारूच नका. उष्णता आणि दाब, दोन्ही मिळून साबणातून तेल पिळून काढतात. ते मागच्या झाकणातून नाहीतर पुढच्या तोटीतून ठिबकत राहतं. फळीवर तेल, फरशीवर तेल. आणि नळीत काय उरतं? कोरडा, घट्ट साबण. तो बेअरिंगला घालून उपयोग नाही. म्हणजे गळतीत नुसतं तेल जात नाही, मागं राहिलेलं ग्रीसही बिघडतं.

यावर उपाय सोपा आहे. काम झालं की मागचा दांडा पूर्ण मागं ओढा आणि खाचेत अडकवा. स्प्रिंगचा जोर ग्रीसवरून उतरतो. मग तोटी पुसा आणि टोपण घाला. गन फळीवर आडवी ठेवा. फळी सावलीत असावी, भट्टीपासून आणि उन्हापासून लांब. दुसऱ्या दिवशी दांडा खाचेतून हळूच सोडा. दोनचार वेळा हँडल मारून ग्रीस चिंधीवर काढा. सलग ग्रीस येऊ लागलं की कामाला लागा. मध्येच फुसफुस झाली तर आत हवा अडकली आहे, असं समजा. ती आधी काढा.

दाब उतरवूनही मागून गळत असेल तर तबकडीचा रबरी वायसर झिजला आहे. तो बदला. पुढून गळत असेल तर डोक्याचे आटे नीट बसले आहेत का, ते पाहा. निपलाभोवती ग्रीस येत असेल तर तोटीचे जबडे झिजले असतील, तोटी तिरपी बसली असेल किंवा निपल आतून चोंदलं असेल. अशा वेळी जोर वाढवू नका. कारण शोधा. निपल चोंदलं असेल तर बदला. ते लहानसंच असतं, पण त्यापायी मोठं बेअरिंग उपाशी राहतं.

आधी पुसा, आधी वाचा

निपलावर धूळ बसलेली असते. कारखान्यात ती धूळ लोखंडाची असते. न पुसता तोटी लावली तर ती धूळ ग्रीसबरोबर थेट बेअरिंगमध्ये जाते आणि कानशीसारखी बेअरिंग खाते. म्हणून आधी निपल पुसा, मग तोटी पुसा. ग्रीसच्या डब्याचं झाकण कधी उघडं ठेवू नका.

दुसरं म्हणजे, डब्यावरची अक्षरं वाचा. पुष्कळ जण रंगावरून ग्रीस ओळखतात. लाल म्हणजे अमुक, पिवळं म्हणजे तमुक. पण रंग हा बहुतेक वेळा वरून घातलेला असतो. एकाच रंगाची दोन ग्रीसं अगदी वेगळी असू शकतात. काही जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. डब्यावर नाव असतं आणि आकडाही असतो. आकडा जेवढा मोठा, तेवढं ग्रीस घट्ट. नेहमीच्या बेअरिंगला बहुधा २ आकड्याचं, लोण्याइतकं घट्ट ग्रीस चालतं. आता तुम्हाला वाचता येतं. मग रंगावर कशाला विसंबायचं? एका गनमध्ये एकच ग्रीस भरा. गनवर पट्टी चिकटवून त्याचं नाव आणि आकडा लिहा.

किती घालावं?

"जास्त घातलं तर काय बिघडलं?" असं काही जण म्हणतात. बिघडतं! बेअरिंगमध्ये ग्रीस खच्चून भरलं की ते घुसळलं जातं, तापतं आणि सील फाडून बाहेर येतं. पुन्हा गळती, पुन्हा घाण.

माप काढायची एक रीत आहे. यंत्राच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हींचा गुणाकार करून २०० नं भागा. उत्तर ग्रॅममध्ये येतं. समजा, व्यास १०० आणि रुंदी २० आहे. १०० गुणिले २० म्हणजे २०००. त्याला २०० नं भागलं की १०. म्हणजे एका वेळेला १० ग्रॅम.

तुमची गन एका दाबाला किती ग्रीस देते? कागदावर १० वेळा दाबून ग्रीस काढा. त्याचं वजन करा आणि १० नं भागा. एका दाबाला १ ग्रॅम येत असेल, तर वरच्या बेअरिंगला १० दाब पुरे.

हाताला जपा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र बंद करूनच जवळ जा. ग्रीस कुठून येतंय, हे बोटानं कधी चाचपू नका. पाइपला बारीक चीर असेल तर दाबाखालचं ग्रीस सुईसारखं कातडीत शिरतं. अगदी हातमोज्यातूनही शिरतं. पाहायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरा. चिरलेला पाइप त्याच दिवशी बदला.

ही इजा फसवी असते. बोटावर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो. रक्त नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस बोट चोखतो, हळद लावतो आणि कामाला लागतो. आत मात्र ग्रीस बोटातून तळव्याकडं पसरतं. थोड्या तासांत बोट सुजतं आणि काळंनिळं पडतं. वेळ गेला तर बोट कापावं लागतं, क्वचित हातही जातो.

असं झालं तर हात चोळू नका, पिळू नका. दुखण्याची वाट पाहू नका. मालकाला आणि मुकादमाला ताबडतोब सांगा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "दाबाचं ग्रीस बोटात शिरलं आहे." ग्रीसच्या नावाची चिठ्ठी बरोबर न्या. ही शस्त्रक्रिया काही तासांच्या आत व्हावी लागते. मजुरी बुडेल म्हणून थांबू नका. मजुरी एका दिवसाची, हात जन्माचा.

आणखी एक. गॅस कटिंग करणाऱ्यांनी ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावू नये. त्याच्या व्हॉल्व्हला ग्रीस तर मुळीच लावू नये. दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की ठिणगीवाचूनही आग लागू शकते.

ग्रीस खाली सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका आणि भरून घ्या. तापलेल्या लोखंडाजवळ पाय घसरणं म्हणजे थेट मरणाशी गाठ. तो भुसा आणि चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. नाल्यात नको, विहिरीकाठी नको, चुलीत तर नकोच. आणि मायबहिणींनो, ग्रीसचा रिकामा डबा कितीही घासला, तरी त्यात धान्य भरू नका, पिण्याचं पाणी भरू नका.

लक्षात ठेवा

१. यंत्र बंद करा.
२. डब्यावरचं नाव आणि आकडा वाचा.
३. निपल आणि तोटी पुसा.
४. मोजून दाब मारा.
५. काम झालं की दांडा मागं ओढून अडकवा.
६. टोपण घाला, गन आडवी आणि सावलीत ठेवा.
७. बोटात ग्रीस शिरलं तर तडक दवाखाना गाठा.

ही सात वाक्यं आज आपल्या हातानं एका कागदावर लिहा. अक्षर मोठं काढा. तो कागद उद्या गनच्या फळीवर चिकटवा. शेजारच्या कामगाराला अजून वाचता येत नसेल, तर त्याला तो वाचून दाखवा.