टो-ट्रकचा टायर घेताना

रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतोय. इथून जगदलपूरला जाताना केशकाल घाट लागतो. तिथे बंद पडलेला ट्रक पुढून उचलला, की त्याचा भार आपल्या मागच्या एक्सलवर येतो. म्हणून नक्षीआधी टायरच्या बाजूचे आकडे वाचा. ‘१४६/१४३’ म्हणजे एकट्या टायरला ३,००० किलो, जोडीत प्रत्येकी २,७२५. मागे चार टायर असतील तर १०,९०० किलो. त्यात आपल्या गाडीचा भारही आला. तारखेची खूण ‘२३२४’ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. जोडीत नवा-जुना टायर मिसळू नका. मोठ्या घेराचा जास्त भार घेतो आणि तापतो. हवा टायर थंड असतानाच तपासा. घाटात आपला टायर फुटला, तर मदतीला गेलेलेच अडकतात.