तारापूरची वीज आणि आपली चिमणी
(मेळाव्यात केलेलं भाषण)



शहरातले लोक म्हणतात, आदिवासींना वीज नको, सुधारणा नको. हे खोटं आहे. आपली पोरं चिमणीच्या धुरात अभ्यास करतात. रेशनवरचं रॉकेल महिनाभर पुरायचं नाही. आपल्याला वीज पाहिजेच. पण वीज तयार कुठे होते आणि जाते कुठे, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, समुद्राच्या काठाला, तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. देशातलं हे पहिलं. १९६९ साली इथे दोन भट्ट्या सुरू झाल्या. आज त्या १६०-१६० मेगावॅटच्या आहेत. २००५ आणि २००६ साली आणखी दोन आल्या, ५४०-५४० च्या. चारी मिळून १४०० मेगावॅट.

आत काय चालतं? चुलीवर पाणी उकळलं की वाफ झाकण उडवते, तसंच. फक्त लाकडाऐवजी युरेनियमचे अणू फुटतात, त्याची उष्णता पाण्याची वाफ करते, वाफ मोठं चाक फिरवते, त्यावर वीज होते. जळलेली लाकडं राख होऊन संपतात. हे वापरलेलं इंधन मात्र हजारो वर्षं सांभाळावं लागतं.

आता हिशोब करू. एक मेगावॅट तासभर चालला की १००० युनिट. म्हणजे चारी भट्ट्या पूर्ण चालल्या तर एका तासात १४ लाख युनिट. आपला ५० घरांचा पाडा, घरटी रोज एक युनिट धरा. ती एका तासाची वीज आपल्याला ७६ वर्षं पुरेल! नव्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांची घरं गेली. आणि आपल्या कितीतरी पाड्यांत आजही अंधार.

विचारायला गेलो की उत्तर मिळतं, "फॉरेस्टची जमीन आहे, खांब टाकता येत नाही." साथींनो, हे उत्तर ऐकून परत येऊ नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. गावासाठी सरकारने चालवलेल्या शाळा, दवाखाना, रस्ता, विजेची लाईन अशा सोयींना वनजमीन देता येते. अटी तीन: जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

शिफारस कोणाची? साहेबाची नाही, आपली! म्हणून पुढच्या ग्रामसभेत विजेचा ठराव लिहून घ्या. बायांनी पुढे बसायचं. ठरावाची नक्कल घ्या, अर्ज दिला की पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही.

आणि एक ध्यानात ठेवा. ही वाट गावच्या सोयीसाठी आहे. तिचं नाव सांगून कोणी दुसऱ्याच कामाला सही मागितली, तर कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही. प्लॉटचा दावा टाकलाय, तर त्याचा निकाल लागेपर्यंत आपल्याला कोणी उठवू शकत नाही. तेही कायद्यातच आहे, कलम ४(५).

जमीन आपली राहील आणि दिवाही लागेल. दोन्ही मागू, दोन्ही घेऊ.

जिंदाबाद!