बटणं करणाऱ्या बायकांचा जिल्हा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेबद्दल आपण दोन दिवस बोलतो आहोत. विडी, पापड, अगरबत्ती, शिवणकाम, प्रत्येक गटाची अडचण फिरून एकाच जागी येते. बाई घरात काम करते म्हणून ती कामगार धरली जात नाही. आणि ती एकेकटी काम करते म्हणून तिला इतरजणींसोबत उभं करणं कठीण जातं. मी आज याच प्रश्नाची एक जुनी गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट या ग्रामीण जिल्ह्यातली आहे. एवढ्या लांब कशाला जायचं, असं तुम्ही विचाराल. कारण तिथला एक मोठा घरगुती धंदा सुरू झाला, भरभराटीला आला आणि बुडालाही. त्यामुळे लोकांनी त्यातलं काय लक्षात ठेवलं आणि काय विसरून टाकलं, हे आपल्याला नीट बघता येतं.

ज्यांनी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं त्यांना टॉमस हार्डी आठवत असेल. तो याच जिल्ह्यात, डॉर्चेस्टर गावाजवळ १८४० साली जन्मला. त्याची टेस ही दूध काढणारी, थंडीत गोठलेल्या शेतात कंद खणणारी मजूर मुलगी आहे. ती कादंबरी १८९१ साली आली. पण आज डॉर्सेट म्हटलं की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे टेसचे फुटलेले हात येत नाहीत. त्याला गवताने शाकारलेली टुमदार घरं, मेंढ्या, टेकड्या आणि समुद्रकिनारा दिसतो. शाफ्ट्सबरी गावात दगडी फरसबंदीचा एक उभा चढ आहे, त्याचं नाव गोल्ड हिल. १९७३ साली पावाच्या एका जाहिरातीत एक मुलगा सायकल ढकलत तो चढ चढताना दाखवला आणि ती जागा देशभर प्रसिद्ध झाली. 'जुने साधे दिवस' दाखवायचे, तर हा चढ, असं समीकरणच झालं. पण याच शाफ्ट्सबरीत जुन्या दिवसांत बायका काय करत होत्या? त्या बटणं करत होत्या.

सतराव्या शतकात एब्राहम केस नावाच्या माणसाने इथे बटणांचा धंदा सुरू केला असं मानतात. आधी मेंढ्याच्या शिंगाची चकती घेऊन तिच्यावर कापड चढवायचं आणि सुईने भरून काढायचं. पुढे तारेची बारीक कडी आली. त्या कडीवर तागाच्या बारीक दोऱ्याने टाके घालत, मधे आरे ओढत, चाकासारखं बटण भरायचं. कड्या वळण्याचं आणि त्या ओवून ठेवण्याचं काम मुलं करत. टाके घालायचं काम मुख्यतः बायकांचं. तयार बटणं पुठ्ठ्यावर टाचून ठरलेल्या दिवशी गावोगावच्या दलालाकडे न्यायची, मैलोन् मैल चालत. मोबदला पुष्कळदा पैशात न मिळता दलालाच्या दुकानातल्या मालात मिळे. ओळखीचं वाटतंय ना?

तरीही बायकांना हे काम हवं होतं, आणि त्याला कारण होतं. शेतातल्या मजुरीपेक्षा यात जास्त मिळत असे. चिखलात, पावसात उभं राहावं लागत नसे. मूल पायाशी ठेवून काम करता येई. डॉर्सेटचा शेतमजूर इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब मजुरांपैकी होता, आणि त्याच्या घरात भाकरीचा मोठा वाटा बायकोच्या सुईतून येत होता. पण हिशेबात तो 'नवऱ्याच्या मजुरीला हातभार' म्हणूनच राहिला.

मग यंत्र आलं. १८४०नंतर यंत्रावर कापडी बटणं होऊ लागली आणि १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या सुमारास हातबटणांची मागणी कोसळली. थोड्या वर्षांत हजारो घरांची मिळकत गेली. काही कुटुंबं वर्गणी करून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला पाठवली गेली. जी मागे राहिली त्यांच्यासाठी शेतावरची मजुरी होती किंवा सरकारी अनाथालयासारखं 'वर्कहाउस'. एवढी मोठी उलथापालथ झाली, पण या बायकांचा संप झाला नाही, मोर्चा निघाला नाही. का? त्या भित्र्या होत्या म्हणून? माझ्या मते तसं नाही. त्या एकमेकींना भेटत होत्या त्या दलालाच्या दारात, रांगेत, एकमेकींच्या बटणांत खोट निघते का हे बघत. मालक दिसत नव्हता, कारखान्याचं फाटक नव्हतं, पगाराचा दिवस नव्हता. भांडायचं कुणाशी आणि कुठे उभं राहून?

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून बघा. ती मात्र सगळ्या जगाला माहीत आहे. टॉलपडल नावाच्या खेड्यातल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ७ शिलिंगांवर आली होती आणि ती ६ करण्याची भाषा चालली होती. १८३३ साली त्यांनी संघटना काढली. सभासद होताना गुप्त शपथ घेतली, एवढ्या कारणावरून, आरमारातल्या बंडानंतर १७९७ साली केलेला कायदा लावून सहाजणांना फेब्रुवारी १८३४मध्ये पकडलं आणि सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लाखो सह्यांचा अर्ज गेला आणि १८३६ साली सरकारला त्यांना माफी द्यावी लागली. त्यांना 'टॉलपडलचे हुतात्मे' म्हणतात. १९३४ साली ब्रिटनच्या कामगार संघटनांनी तिथे त्यांच्या स्मरणार्थ सहा घरं बांधली, एक संग्रहालय उभं राहिलं, आणि उन्हाळ्यात तिथे कामगारांचा मेळा भरतो. त्या गावात ते ज्या झाडाखाली जमत असं सांगतात, ते सायकमोरचं झाडही जपलेलं आहे.

या लढ्याबद्दल मला आदरच आहे. पण आपल्या सवयीप्रमाणे मी विचारते, बायका कुठे होत्या? शपथविधी झाला तो टॉमस स्टँडफील्डच्या घरात. म्हणजे ते त्याची बायको डायना हिचंही घर होतं. जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे दोन हुतात्मे तिचे भाऊ. टॉमस तिचा नवरा. चौथा जॉन, तिचा मुलगा. एका निकालात या एका बाईचा नवरा, मुलगा आणि दोन भाऊ समुद्रापार गेले. मागे राहिलेल्या कुटुंबांनी गावाच्या गरीब निधीतून मदत मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. लंडनच्या कामगारांनी समिती करून पैसे पाठवले म्हणून ही घरं तगली. मुलांना खाऊ घालणं, घर सोडावं लागू नये म्हणून धडपडणं, गावाच्या नजरा झेलणं, हा त्या संपूर्ण लढ्याचा अर्धा भाग होता. पण हुतात्मे सहाच मोजले गेले.

मैत्रिणींनो, पुरुष झाडाखाली जमू शकले, याला फार अर्थ आहे. दिवसाचं काम संपलं की ते मोकळे होते. जमायला जागा होती, वेळ होता. बाईला ना वेगळी जागा होती, ना काम संपण्याची वेळ.

त्याच जिल्ह्यात जागा मिळाली तेव्हा बायका उठल्या, याचंही उदाहरण आहे. ब्रिडपोर्ट हे गाव मध्ययुगापासून दोर आणि जाळ्यांसाठी प्रसिद्ध. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली गोलची जाळी ब्रिडपोर्टची होती, हे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आसपासच्या खेड्यांत बायका घरी जाळी विणत, दाराला किंवा भिंतीतल्या खिळ्याला दोर अडकवून. हे घरकाम विसाव्या शतकातही चालू होतं. पण काहीजणी कारखान्यात, एका छपराखाली होत्या. मजुरीच्या प्रश्नावर १९१२ साली संप केला तो या कारखान्यातल्या बायकांनी. काम तेच, कौशल्य तेच. फरक एवढाच, की त्या रोज एकमेकींचे चेहरे बघत होत्या.

खेड्यातल्या बाईला घराबाहेरची हक्काची जागा पुढे मिळाली ती 'विमेन्स इन्स्टिट्यूट'मुळे. ही मूळची कॅनडातली कल्पना, १८९७ सालची. ब्रिटनमध्ये पहिली शाखा वेल्समध्ये १९१५ साली निघाली आणि मग खेडोपाडी पसरली. महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात जमायचं. मुरंबे आणि केक करणाऱ्या बायकांची संस्था म्हणून तिची थट्टा होते, आणि ती क्रांतिकारक नव्हतीच. पण याच संस्थेने १९४३ साली समान कामाला समान वेतन मिळावं असा ठराव केला. मुरंब्याच्या निमित्ताने का होईना, बाई एक संध्याकाळ घराबाहेर पडत होती आणि सभेत हात वर करून मत देत होती. आपल्या भिशी मंडळांना आणि बचतगटांना हसणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता आजचं डॉर्सेट. जिल्ह्यात एकही मोटरवे नाही. खेड्यांतल्या बसगाड्या कमी होत गेल्या आहेत. सुंदर जुनी घरं शहरातल्या श्रीमंतांनी सुट्टीसाठी विकत घेतल्याने गावातल्या तरुण जोडप्यांना घर परवडत नाही. म्हणून एप्रिल २०२५पासून डॉर्सेट कौन्सिलने अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावला आहे. २०२१च्या जनगणनेनुसार या कौन्सिलच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार, आणि दर दहांत जवळजवळ तिघे ६५ वर्षांपुढचे. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, औषध द्यायचं, हे काम कोण करतं? घरोघर जाणाऱ्या सेविका, आणि इंग्लंडभर या कामात बहुसंख्य बायकाच आहेत. भेटी मिनिटांवर मोजल्या जातात. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत अरुंद रस्त्यांनी गाडी हाकण्यात जो वेळ जातो, तो किमान वेतनात धरावा असा कायदा आहे. पण तो नीट धरला जात नाही अशी कामगार संघटनांची सततची तक्रार आहे. बटणांचा डझनावरचा दर गेला, भेटींचा मिनिटांवरचा दर आला. बाई पुन्हा एकटी, पुन्हा बंद दारामागे.

आणि बंद दारामागे आणखीही काही असतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या ग्रामीण भागातल्या कौटुंबिक हिंसाचाराचा एक अहवाल २०१९ साली नॅशनल रूरल क्राइम नेटवर्कने काढला. खेड्यातली बाई शहरातल्या बाईपेक्षा सरासरी २५ टक्के अधिक काळ छळ सोसते आणि तक्रार करण्याची शक्यता मात्र जवळपास निम्मी असते, असं त्यात म्हटलं आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात, ही खेड्याची ऊब आहे असं आपण म्हणतो. पण त्या ओळखीत नवऱ्याचे मित्र असतात, डॉक्टर असतो, पोलीसही असतो. बस नाही, गाडीची किल्ली नवऱ्याकडे. सुंदर खेडं म्हणजे सुरक्षित खेडं नव्हे.

बटणाचं काय झालं, तेही सांगते. आज डॉर्सेट बटण ही हौसेची कला आहे. तिचे वर्ग चालतात, कडी आणि दोरा घातलेल्या पाकिटांची विक्री होते. कला जिवंत राहिली याचा मला आनंद आहे. पण दर, दलाल, चालून थकलेले पाय आणि मालात दिलेली मजुरी, हे त्या पाकिटात नसतं. वस्तू जपली जाते, तिच्यातले श्रम गळून जातात.

घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. त्याच्यावर ब्रिटनने मान्यतेची मोहोर उठवलेली नाही आणि भारतानेही नाही. म्हणजे डॉर्सेटची बटणवाली आणि सोलापूरची विडीवाली, दोघींचा प्रश्न कागदावर अजून उघडाच आहे.

म्हणून तीन गोष्टी आपल्या वस्त्यांत करू या. पहिली, कामाची नोंद. कोण किती तास, कोणत्या दराने, कुणासाठी काम करते, हे आज लिहून ठेवू, कारण धंदा बुडाल्यावर कुणी विचारणार नाही. दुसरी, जमायची जागा. माल देण्याघेण्याच्या दिवशी बायका दलालाच्या दारात येतातच. त्याच दिवशी, तिथून चार पावलांवर आपली बैठक ठेवू. तिसरी, आपल्या चळवळींचा इतिहास सांगताना तुरुंगात गेलेल्यांबरोबर चूल पेटती ठेवणाऱ्यांचीही नावं घेऊ.

आता माझं बोलणं थांबवते. घरकाम करणाऱ्या गटांनी आधी बोलावं, मग आपण चर्चा करू.